कुलूपबंद घराच्या अंगणातले हिरवे झाड



पावसाळा जवळ आला की मंडळ्यांकडून, तरुण संघांकडून आणि महिला मंडळांकडून एक निरोप हमखास येतो: "वस्तीसाठी रोपे द्यायची आहेत. किती पाठवू?" निरोपामागचे प्रेम आम्ही ओळखतो आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतो. पण बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येत नाही. कोणते झाड, घराच्या कोणत्या बाजूला आणि दिवाळीनंतर त्याला पाणी कोण घालणार, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय रोप पाठवणे म्हणजे ते वाळायला पाठवणे होय. रोप वाळले की फक्त रोपाचेच नुकसान होते असे नाही. "आमच्या अंगणात काही जगत नाही," ही समजूत त्या घरात आणखी घट्ट बसते. पुढच्या वर्षी ते कुटुंब खड्डासुद्धा घेत नाही. म्हणून या अंकात घराजवळ लावायच्या सदाहरित झाडांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या भागाची अडचण

बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असली तरी पाऊस सरासरीप्रमाणे पडत नाही. कधी जूनमध्ये पडून ऑगस्टभर गायब होतो, तर कधी सगळा सप्टेंबरमध्येच कोसळतो. १९७२चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकला आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षे तर आपण स्वतः टँकरच्या रांगेत काढली. बालाघाटाच्या डोंगररांगेत माती हातभर आणि खाली मुरूम, तर गोदाकाठच्या बाजूला खोल काळी जमीन. पारधी आणि भिल्ल वस्त्या बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला, माळावर, म्हणजे मुरमाड जागेवरच आहेत.

दुसरी अडचण पावसाची नाही, पोटाची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळ कोपी घालून राहतात. परत येईपर्यंत पाडवा उलटतो. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि शाळेसाठी ठेवलेली काही मुले. काही घरांना तर सरळ कुलूप लागते. नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने रोपाच्या आयुष्यातले सर्वांत अवघड, आणि नेमके तेव्हाच घरात कोणी नसते.

पुण्या-मुंबईच्या बंगल्याभोवती झाडे कशी लावावीत यावर पुष्कळ पुस्तके आहेत, पण त्यांतले एकही कुलूप लागलेल्या घरासाठी लिहिलेले नाही. आपल्याला त्याच घराचा विचार करायचा आहे.

सदाहरित म्हणजे पान न गाळणारे नव्हे

सदाहरित झाडही पाने गाळते, पण सगळी एकदम नाही. जुनी पाने थोडी थोडी गळत असतात आणि नवी येत असतात, म्हणून झाड कधी उघडे पडत नाही. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा पडून बराच झडतो, पण पाडव्याला आपल्या हाती त्याची कोवळी पालवी असतेच. करंजाचेही तसेच आहे. त्यांना काटेकोरपणे सदाहरित म्हणता येणार नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात ते हिरवेगार असतात आणि आपल्याला सावली हवी असते ती त्याच दिवसांत. याउलट सीताफळ उन्हाळ्यात बोडके असते. बालाघाटाचे सीताफळ कितीही नावाजलेले असले, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी ते बांधावर लावावे. घरावर सावली धरायला त्याचा उपयोग नाही.

पानातून पाणी सतत उडत असते. पानझडी झाड उन्हाळ्यात पाने टाकून ही उधळपट्टी थांबवते. सदाहरित झाड ती थांबवत नाही. मग ते जगते कशावर? एक तर त्याचे पान जाड आणि चकाकीचे असते, किंवा मूळ खोल गेलेले असते. म्हणजे आपल्या माळावर सदाहरित झाड लावायचे तर पहिल्या दोन वर्षांत पानाकडे पाहून खूश होऊ नये. मूळ किती खाली गेले ते महत्त्वाचे. यिर्मयाच्या १७व्या अध्यायात परमेश्वरावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला ज्या झाडाची उपमा दिली आहे, त्याची मुळे पाण्याकडे पसरलेली आहेत, म्हणूनच अवर्षणाच्या वर्षी त्याला काळजी नाही. संदेष्टा पानाच्या हिरवेपणाचे कारण मुळाशी नेतो. हे आध्यात्मिक सत्य आहे, आणि शेतीचेही.

कोणते झाड निवडावे

नाताळची आठवण म्हणून बऱ्याच चर्चच्या आवारात 'ख्रिसमस ट्री' लावण्याची हौस असते. आपल्याकडच्या रोपवाटिकेत या नावाने बहुधा अरौकेरिया मिळते. ती दूरच्या पॅसिफिक बेटांवरची, समुद्राच्या दमट हवेतली झाडे. बीडच्या एप्रिलमधल्या झळांत त्यांचे शेंडे करपतात, आणि जगली तरी सावली पडत नाही. उंच, सरळ वाढणारा 'अशोक' कुंपणाला शोभतो, पण त्याच्या सावलीत खाट टाकता येत नाही. गुलमोहर मादागास्करचा. तो लवकर वाढतो, पण ऐन उन्हाळ्यात पाने झडलेली असतात आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून पत्र्यावर येतात. सुबाभूळही झटपट वाढते, पण तिचे बी आवारभर उगवत राहते.

झटपट सावलीची गोष्ट योनाच्या चौथ्या अध्यायात आहेच. वेल एका रात्रीत वाढला, योना आनंदला, आणि दुसऱ्या पहाटे किड्याने तो खाल्ला. आपल्याला नातवंडांपर्यंत टिकणारी सावली हवी आहे. त्या दृष्टीने पुढील झाडे आपल्या भागाला मानवतात.

कडुनिंब: पहिली पसंती. मुरमात येतो, पाणी थोडे लागते, आणि पाच-सहा वर्षांत छपराच्या वर जातो. निंबोळ्यांचा उपयोग घराला आणि शेताला दोन्हीकडे.

करंज: सावली दाट, आणि शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. जिथे दारोदार शेळ्या आहेत तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे.

चिंच: हळू वाढते, पण शंभर वर्षे टिकते. चिंच गोळा करणे आणि फोडणे हे घरबसल्या चार पैसे देणारे काम आहे. चिंचोक्यापासूनच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे थांबावे लागते, कलमाला त्याहून पुष्कळ लवकर येते. मोठे आवार असेल तरच लावावी.

आंबा: खोल माती आणि पहिली तीन वर्षे पाण्याची खात्री असेल तरच. केशर आंबा मराठवाड्यात चांगला येतो. पण कुलूपबंद घराला कलमी आंबा देऊ नये.

जांभूळ: ओलाव्याची आवड. ओढ्याकाठी, हातपंपाच्या सांडपाण्याजवळ लावावे.

बकुळ: सावकाश वाढते, पान गच्च, कचरा कमी. चर्चच्या आणि शाळेच्या आवाराला फार योग्य.

कडीपत्ता आणि लिंबू: मोरीच्या पाण्यावर जगतात. घर लहान असेल तर एवढे दोनही पुरेत.

वड: वस्तीच्या चौकात, घरापासून आणि विहिरीपासून किमान पन्नास-साठ फूट दूर. त्याच्या मुळांना भिंत अडवत नाही.

मुरमाड डोंगरावर देशी झाडे जगतील का, अशी शंका कोणाला असेल तर त्यांनी बीड शहराजवळच्या पालवणला जाऊन यावे. अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सह्याद्री देवराई' या नावाने तिथल्या उजाड डोंगरावर झाडे उभी केली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथे वृक्ष संमेलनही भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले गेले. आपल्याच जिल्ह्यातला हा दाखला आहे.

घराच्या कोणत्या बाजूला

थंड देशांत सदाहरित झाडे घराच्या उत्तरेला लावतात, बोचरा वारा अडावा म्हणून. आपला शत्रू वारा नाही, दुपारचे ऊन आहे. मे महिन्याच्या मध्यावर बीडमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्यानंतर मावळेपर्यंत पश्चिमेची भिंत तापवत राहतो. पत्र्याच्या घरात रात्री दहापर्यंत झोप लागत नाही ती या भिंतीमुळे आणि पत्र्यामुळे. म्हणून दाट झाड घराच्या पश्चिमेला, किंचित वायव्येकडे लावावे.

पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना हवे असते. दक्षिणेकडेही गच्च झाड नको, कारण हिवाळ्यात सूर्य त्या बाजूने कलतो आणि वाळवण, धुणे, अंगाला ऊब हे सारे त्याच उन्हावर होते.

अंतराचा साधा हिशेब असा: कडुनिंब आणि करंज भिंतीपासून पंधरा फुटांवर, चिंच आणि आंबा पंचवीस-तीस फुटांवर, बकुळ दहा-बारा फुटांवर, लिंबू आणि कडीपत्ता सहा फुटांवर. वर विजेची तार आहे का, खाली शोषखड्डा किंवा पाण्याचा पाइप आहे का, हे खड्डा घेण्याआधी पाहावे.

खड्डा, बी आणि रोप

माणसे एप्रिलअखेर परत येतात. खड्डा घ्यायची हीच वेळ. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. आंबा आणि चिंचेला तीन फूट. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढावा. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्यावा. भरताना वरची चांगली माती, दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत कच्चे असेल तर वाळवीला आमंत्रण मिळते.

कडुनिंबासाठी रोप विकत घेण्याची गरजच नाही. निंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात. गर धुऊन बी दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे आणि लगेच भरलेल्या खड्ड्यात तीन-चार बिया अर्धा-पाऊण इंच खोल टोकाव्यात. हे बी ठेवणीतले नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण कमी होते. जांभळाचेही तसेच. चिंचोका मात्र ठेवला तरी चालतो. जागेवर बी टोकण्याचा मोठा फायदा म्हणजे सोटमूळ सरळ खाली जाते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घालते, आणि ते वेटोळे जमिनीत गेल्यावरही सुटत नाही. वरून रोप उंच दिसते, पण पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकते.

रोपच लावायचे तर दोन-अडीच फुटांचे, जाड खोडाचे निवडावे. पिशवीतून मुळे खूप बाहेर आलेली असतील तर घेऊ नये. एक-दोन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की लावावे. जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंत ही वेळ साधली तर दिवाळीपर्यंत मुळांना चार महिने मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फोटोसाठी लावलेल्या रोपाला ते मिळत नाहीत. पिशवी ब्लेडने कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, वेटोळे घातलेली मुळे कापावीत. पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे. माती पायाने दाबावी, आधाराला काठी द्यावी, भोवती आळे करावे आणि लगेच बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. कुंपण "उद्या" घालायचे ठरले की शेळी आजच येते.

दिवाळीनंतरचे पाणी

"आम्ही जातो कारखान्याला. झाडाला पाणी कोण घालील, ताई?" वस्तीवर हा प्रश्न प्रत्येक घरी ऐकू येतो, आणि तो आळसाचा नाही. त्याचे उत्तर आधी तयार ठेवावे लागते.

पहिला उपाय मडक्याचा. पाच-सात लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे. मडके पाणी भरून झाकावे, म्हणजे डास होत नाहीत आणि पाणी उडत नाही. मडके पाझरते आणि मुळे त्या ओलीकडे जातात. आठवड्यातून एकदा-दोनदा भरले तरी हिवाळ्यात पुरते. वरून ओतलेल्या घागरीतले बरेच पाणी उन्हात उडून जाते, मडक्यातले थेट मुळाला मिळते.

दुसरा उपाय आच्छादनाचा. वाळलेले गवत, पालापाचोळा, उसाचे पाचट मिळाले तर पाचट, याचा चार बोटे जाड थर आळ्यात पसरावा. खोडाला चिकटू देऊ नये, चार बोटे जागा सोडावी.

तिसरा उपाय माणसांचा, आणि खरा तोच. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक झाडाला एक नाव जोडायचे: मागे राहणारी आजी, शेजारचे घर, किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळेला जाणारा मुलगा. भांडी धुतलेले, साबण नसलेले पाणी आजीने मडक्यात ओतले की झाले. एका आजीकडे दोन झाडे, जास्त नाहीत. पाण्यासाठी अर्धा किलोमीटर जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर आपण दहा रोपांचा भार टाकू नये. ज्या घरी मागे कोणीच राहत नाही, तिथे बी टोकलेला कडुनिंब आणि मडके, एवढेच करावे. दोन पावसाळे निघाले की मूळ आपली वाट शोधते आणि आपल्या मदतीची गरज कमी होते.

झाड आणि राहण्याचा हक्क

वस्तीवरची वयस्क माणसे झाड लावायला लवकर तयार होत नाहीत, त्याचे कारण केवळ पाणी नाही. १८७१च्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पाल उठवायचे, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, ते दहा वर्षांनी फळ देणारी चिंच कशाला लावतील? झाड तोच लावतो, ज्याला उद्या आपण इथेच असू असे वाटते.

यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेले पत्र २९व्या अध्यायात आहे. परक्या भूमीत, अनिश्चिततेत असलेल्या त्या लोकांना परमेश्वर घरे बांधायला, मळे लावायला आणि त्यांचे फळ खायला सांगतो. अब्राहामानेही बैर-शेबा येथे झाड लावले, ते विहिरीचा तंटा मिटून करार झाल्यावर (उत्पत्ती २१). आधी पाण्याचा आणि जागेचा प्रश्न, मग झाड, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. झाड लावल्याने जागा नावावर होत नाही. म्हणून रोपाबरोबर घराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये पाठपुरावा करणे हेही आपल्या सेवेचा भाग आहे. एकाशिवाय दुसरे अपुरे राहते.

असली कामे सुवार्तेच्या कामाबाहेरची आहेत, असे कोणी म्हणते तेव्हा विल्यम केरी आठवावेत. १८०५मध्ये मराठीचे व्याकरण छापणाऱ्या, शास्त्र भारतीय भाषांत आणणाऱ्या याच सेवकाने १८२०मध्ये कलकत्त्याला कृषी आणि उद्यानविद्येची संस्था सुरू केली. लोकांचे अन्न आणि लोकांचा आत्मा यांची त्यांनी फारकत केली नाही.

मंडळीने काय द्यावे

तेव्हा यंदा "किती रोपे?" असे न विचारता पुढील गोष्टींचा विचार करावा. एका झाडामागे एक मडके, एक पाटी निंबोळी पेंड आणि खड्ड्याची मजुरी, एवढे दान शंभर रोपांच्या ट्रकपेक्षा मोठे आहे. तरुण संघाने जूनमध्ये निंबोळ्या गोळा करून धुऊन द्याव्यात. रविवार शाळेच्या मुलांनी चिंचोके जमवावेत. आपल्या चर्चच्या आवारात पश्चिमेला एक बकुळ किंवा करंज लावून आधी स्वतः दोन उन्हाळे सांभाळून पाहावा, म्हणजे वस्तीवरच्या आजीच्या कष्टांची कल्पना येईल.

आणि शक्य असेल तर जुलैच्या लागवडीला येण्याऐवजी जानेवारीत या. टोळ्या गेलेल्या असतात, वस्ती शांत असते, झाडांना पाणी हवे असते आणि मागे राहिलेल्या आजी-आजोबांना बोलायला माणूस. दोन घागरी पाणी मडक्यात ओता, त्यांच्याजवळ घटकाभर बसा, त्यांच्यासाठी आणि कारखान्यावर असलेल्या त्यांच्या मुलासुनांसाठी प्रार्थना करा.

परमेश्वर आपल्या सर्वांना आशीर्वाद देवो.